‘पर से’ या दोन शब्दांवर पहारा कोणाचा?



निवृत्त फौजी बोलायला बसला की ऐकणाऱ्यांची अपेक्षा ठरलेली असते. बर्फ, सीमा, एखादी चकमक. आज तसलं काही नाही. मी सिग्नल्सचा माणूस. नोकरीची बहुतेक वर्षं रेडिओ संच, केबल, एक्स्चेंज आणि पुढे संगणक यांच्या संगतीत गेली. आजचा विषय पेटंटचा आहे, त्यातही सॉफ्टवेअरच्या पेटंटचा. विषय रुक्ष वाटेल. पण पंधरा मिनिटं धीर धरा, कारण यात तुमचा पैसा आहे आणि तुमचा हक्कही.

मी राहतो बेंगळुरूत, सर्जापूर रोडवर. ज्यांनी हा रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. अगराच्या बाजूने निघतो, बेळ्ळंदूरजवळून जातो, दोड्डकन्नल्लीला विप्रोचं मुख्यालय लागतं, आणि पुढे आनेकल तालुक्यातल्या सर्जापूर गावाला पोचतो. पोचतो म्हणजे, सकाळी नऊला निघालात तर कधीतरी पोचतो. दोन्ही बाजूंना सोसायट्या, आणि दर मजल्यावर दोन-चार सॉफ्टवेअरवाले. त्यात आपली पोरं भरपूर. पुणे, नाशिक, सोलापूर, बेळगाव, निपाणी. लिफ्टमध्ये मराठी कानावर पडतंच.

या सगळ्यांच्या रोजच्या कामाशी ज्याचा थेट संबंध आहे असा आपल्या पेटंट कायद्यात एक पोटकलम आहे. कलम ३ (के). त्यात म्हटलंय की गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, संगणक प्रोग्रॅम ‘पर से’ आणि अल्गोरिदम यांना शोध मानलं जाणार नाही. शोध नाही म्हणजे पेटंट नाही. ‘पर से’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘केवळ स्वतः’, ‘निव्वळ’. निव्वळ प्रोग्रॅमला पेटंट नाही. या दोन शब्दांवरून वीस वर्षांहून अधिक काळ रस्सीखेच चालू आहे, आणि आमच्या सोसायटीत मी विचारून पाहिलं, दहातल्या नऊ जणांना याचा पत्ता नाही.

आधी सौदा समजून घेऊ. पेटंट म्हणजे सरकारने दिलेली वीस वर्षांची मक्तेदारी. तुम्ही काही नवं शोधलंत, ते गुप्त न ठेवता जगाला लिहून सांगा. बदल्यात वीस वर्षं दुसऱ्या कुणाला ते तुमच्या परवानगीशिवाय करता येणार नाही. हा सौदा एका बाजूने संशोधक करतो. दुसऱ्या बाजूला सही सरकारची, पण किंमत मोजतो आपण, महाग वस्तूच्या रूपाने किंवा अडलेल्या कामाच्या रूपाने. त्यामुळे सौदा नीट झाला का, हे विचारायचा अधिकार आपला आहे.

मग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला संरक्षण नाही का? आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृती मानलंय. म्हणजे तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम मी उचलला तर ती चोरी. फरक कुठे आहे, ते मराठी उदाहरणानेच सांगतो. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागाने ‘स्वरचक्र’ नावाचा मोबाइलचा कळफलक काढला. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती चक्र उघडतं, का, कि, की, कु, कू. बोट सरकवा, अक्षर तयार. आता हा प्रोग्रॅम जसाच्या तसा कुणी उचलला तर कॉपीराइटचा भंग. पण एखाद्याने स्वतः बसून, वेगळी मांडणी करून, बाराखडी बोटाखाली आणणारा दुसरा कळफलक लिहिला तर कॉपीराइट आड येत नाही. पेटंट आड येऊ शकतं. कारण पेटंट लिहिलेल्या ओळींवर नसतं, कल्पनेच्या कामकाजावर असतं. समजा, ‘व्यंजनाभोवती स्वरचिन्हं दाखवून निवड करू देणं’ यावर कुणा कंपनीने वीस वर्षांचं पेटंट घेतलं असतं, तर मराठी, कानडी, तेलुगू, सगळ्यांच्या कळफलकांना तिच्या दारात जावं लागलं असतं. आणि दुसऱ्याने ते स्वतंत्रपणे शोधलं असेल तरी त्याची सुटका नाही. पहिला दावा ज्याचा, मक्तेदारी त्याची.

याच कर्नाटकातलं आणखी एक उदाहरण देतो, थोडं जुनं. व्यंकटेश बापूजी केतकर हे बागलकोटचे शिक्षक. ग्रहांची गणितं जुन्या करणग्रंथांनुसार चुकत होती; केतकरांनी नवी गणितं बसवली आणि ‘ज्योतिर्गणितम्’ आणि ‘केतकी’ असे ग्रंथ लिहिले. पुढे पंचांगकर्त्यांनी ती रीत वापरली. आज आपण ज्याला अल्गोरिदम म्हणतो ते हेच: ही संख्या घ्या, हा संस्कार करा, ही तिथी मिळेल. केतकरांच्या ग्रंथाची नक्कल छापू नये, हे ठीक. पण त्या रीतीने तिथी काढायची तर वीस वर्षं परवाना घ्या, असं कुणी म्हटलं असतं तर टिळकांपासून सगळे पंचांगवाले काठ्या घेऊन धावले असते! आधीच त्यांचं आपापसात कमी वाजत नव्हतं.

थट्टा बाजूला ठेवू. सॉफ्टवेअर हे बरंचसं गणितच असतं, म्हणून जगभर हा वाद आहे. अमेरिकेत ॲमेझॉनला १९९९ मध्ये एका क्लिकवर खरेदी करण्याचं पेटंट मिळालं. त्याच वर्षाअखेर प्रतिस्पर्धी पुस्तकविक्रेत्या कंपनीला न्यायालयाच्या तात्पुरत्या मनाईमुळे आपल्या गिऱ्हाइकाला एक जादा क्लिक करायला लावावं लागलं. केवढी ही प्रगती! तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ॲलिस प्रकरणात थोडा लगाम घातला. युरोपात सॉफ्टवेअर पेटंटांना वाट करून देईल असा निर्देश आला होता; ६ जुलै २००५ रोजी युरोपीय संसदेने तो ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. निवडून आलेल्या सभागृहाने, उघड मतदानाने.

आणि आपल्याकडे? आपल्याकडेही संसदेने हेच केलं, त्याच वर्षी, युरोपच्याही आधी. ती गोष्ट फारशी सांगितली जात नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपला पेटंट कायदा १९७० चा. त्याआधी इंग्रजांचा १९११ चा कायदा होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाने दाखवून दिलं की भारतातली ८० ते ९० टक्के पेटंट परदेशी लोकांची आहेत आणि त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांचा इथे वापरच होत नाही. मक्तेदारी आमच्या देशात, कारखाना त्यांच्या. यातून दहा-अकरा वर्षांच्या चर्चेनंतर १९७० चा कायदा झाला. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे तो बदलणं भाग पडलं. २००२ च्या दुरुस्तीने कलम ३ (के) आलं. ‘पर से’ हे शब्द संसदेच्या संयुक्त समितीने घातले, आणि का घातले तेही लिहून ठेवलं. प्रोग्रॅमबरोबर दुसरं काही खरोखरचं यंत्र किंवा शोध असेल तर तो अडू नये म्हणून. प्रोग्रॅमला म्हणून पेटंट द्यायचा हेतू नाही. इतकं स्पष्ट.

मग आला २६ डिसेंबर २००४. तारीख ओळखीची वाटते ना? सुनामीचा रविवार. आम्ही गणवेशातली मंडळी त्या दिवशी दुसरीकडे बघत होतो: नागपट्टणम, कार निकोबार, कुठे संपर्क आहे, कुठे तुटला. सगळा देशच तिकडे बघत होता. त्याच दिवशी पेटंट दुरुस्ती अध्यादेश निघाला. १ जानेवारी २००५ ही कराराची मुदत होती, त्यामुळे तारखेत कारस्थान शोधू नका. पण अध्यादेशात औषधांच्या दुरुस्त्यांबरोबर एक छोटा बदल होता. कलम ३ (के) चे दोन तुकडे केले होते, आणि प्रोग्रॅमपुढे शेपूट जोडलं होतं: उद्योगातला तांत्रिक उपयोग किंवा हार्डवेअरशी जोड असेल तर ते वगळून. आता मला सांगा, कोणता प्रोग्रॅम हार्डवेअरशिवाय चालतो? हवेत चालणारा प्रोग्रॅम मी तरी पाहिला नाही. म्हणजे कुंपण जागेवर ठेवून फाटक काढून टाकल्यासारखं.

अध्यादेशाला मात्र राज्यघटनेने दोर बांधलेला आहे. अनुच्छेद १२३. संसद भरल्यावर सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही तर संपतो. त्यामुळे मार्च २००५ मध्ये विधेयक आणावंच लागलं. सरकार डाव्या पक्षांच्या बाहेरच्या पाठिंब्यावर उभं होतं. कमलनाथ वाणिज्य मंत्री. चर्चा, घासाघीस झाली आणि २२ मार्चला लोकसभेने व २३ मार्चला राज्यसभेने जे मंजूर केलं त्यातून ते शेपूट गायब होतं. कलम ३ (के) पुन्हा २००२ सारखं. मी कुठल्याच पक्षाचा माणूस नाही, आणि डाव्यांचा तर अजिबात नाही, हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. पण त्या मार्चमध्ये जे झालं ते संसदेचं काम म्हणून चोख झालं. सरकारने काही मागितलं, सभागृहासमोर ठेवावं लागलं, सभागृहाने नको म्हटलं.

इथे विषय संपायला हवा होता. पण सुरू झाला तो इथेच.

फौजेत आर्मी ॲक्ट आहे, १९५० चा. त्याखाली १९५४ चे आर्मी रूल्स. आणि त्याखाली युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या स्टँडिंग ऑर्डर्स. स्टँडिंग ऑर्डरने मी मेसच्या वेळा ठरवू शकतो, गेटवर कोणाची तपासणी करायची ते ठरवू शकतो. ॲक्टमध्ये नाही अशी शिक्षा मी स्टँडिंग ऑर्डरने निर्माण करू शकत नाही. केली तर दुसऱ्या दिवशी मलाच स्पष्टीकरण द्यावं लागेल. पेटंटमध्येही अशीच उतरंड आहे. कायदा संसद करते. नियम केंद्र सरकार करतं, पण कलम १६० नुसार ते संसदेपुढे ठेवावे लागतात. आणि तिसरी पायरी मार्गदर्शक तत्त्वांची. परीक्षकाने अर्ज कसा तपासायचा, याच्या सूचना. त्या पेटंट कार्यालय काढतं. संसदेपुढे ठेवायचं बंधन नाही. तत्त्वांमध्ये स्वतःच लिहिलेलं असतं की हे नियम नव्हेत, विसंगती आली तर कायदा श्रेष्ठ. पण टेबलावर बसलेला परीक्षक रोजच्या कामात काय उघडतो? संयुक्त समितीचा अहवाल नक्कीच नाही.

२१ ऑगस्ट २०१५ रोजी संगणकाशी संबंधित शोधांसाठी अशी मार्गदर्शक तत्त्वं निघाली. वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं की संसदेने दहा वर्षांपूर्वी जे दार लावलं ते इथे बरंच किलकिलं झालंय; तांत्रिक प्रगती दाखवली की सॉफ्टवेअर आत. ओरड झाली. मुक्त सॉफ्टवेअरवाले ओरडले, त्यांचं ते कामच आहे. पण बेंगळुरूच्या आयस्पिर्टने, म्हणजे सॉफ्टवेअर उत्पादनं बनवणाऱ्या देशी कंपन्यांच्या व्यासपीठानेही हरकत घेतली. थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र गेलं. १४ डिसेंबरला ती तत्त्वं स्थगित झाली. १९ फेब्रुवारी २०१६ ला नवी आली, कडक: दाव्यातलं योगदान फक्त प्रोग्रॅममध्ये असेल तर सोबत नवीन हार्डवेअर हवं, नाहीतर नकार. ३० जून २०१७ ला पुन्हा नवी, आणि नवीन हार्डवेअरची अट गुल. दोन वर्षांत तीन पलट्या, आणि कायद्याचं एक अक्षरही बदललेलं नाही! युनिटमध्ये दर सहा महिन्यांनी गेटची ऑर्डर उलटी-सुलटी झाली असती तर संत्र्याने पहारा कसा दिला असता?

मग न्यायालयं. १२ डिसेंबर २०१९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणात म्हटलं की ‘पर से’ शब्दांचा अर्थ असा, की सॉफ्टवेअरवर आधारलेल्या प्रत्येक शोधाला नकार देता येणार नाही. तांत्रिक परिणाम असेल तर विचार व्हावा. हा न्यायालयाचा अधिकार आहे, आणि आजच्या वॉशिंग मशीनपासून मोटारीपर्यंत सगळ्यात प्रोग्रॅम आहे, हा त्यांचा मुद्दाही खरा. माझी तक्रार निकालाबद्दल नाही. ‘तांत्रिक परिणाम’ हे शब्द कलम ३ (के) मध्ये नाहीत, आणि त्यांचा अर्थ आता दाव्यागणिक ठरतो, अशा खोल्यांत जिथे एका बाजूला अर्जदाराचा वकील असतो आणि दुसऱ्या बाजूला परीक्षक. तुमच्या-माझ्या बाजूने कोणी नसतं. २०२५ मध्ये मसुदे प्रसिद्ध करून, सूचना मागवून, जुलैमध्ये आणखी नवी तत्त्वं आली. आधी मसुदा दाखवला, ही सुधारणा म्हणायला हवी. त्यांत निकालांचे दाखले आणि उदाहरणं भरपूर आहेत. तरीही तिसरी पायरी ती तिसरीच.

पैशाचं बोलतो, म्हणजे हे सगळं हवेतलं वाटणार नाही. एरिक्सन आणि लाव्हा. लाव्हा ही देशी मोबाइल कंपनी. एरिक्सनने तिच्यावर आठ पेटंटांवरून दावा लावला. त्यातली काही आवाज दाबून, कमी जागेत पाठवण्याच्या रीतींची. सिग्नल्सवाल्याला हे काम चांगलं ठाऊक आहे. लाव्हाच्या बचावात एक मुद्दा असा, की या रीती म्हणजे अल्गोरिदम, कलम ३ (के) मध्ये बसतात. न्यायालयाने तो मानला नाही. २८ मार्च २०२४ ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी भरपाई ठरवली: २४४ कोटी रुपये. एरिक्सनने त्या तंत्रावर मेहनत घेतली नव्हती, असं मी म्हणत नाही. पण ‘अल्गोरिदम’ या एका शब्दाची व्याप्ती कुठे संपते यावर २४४ कोटी अवलंबून असतील, तर ती हद्द कोण आखतो हा प्रश्न वकिलांपुरता राहत नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती रोज माझ्या शेजारी राहते. आमच्याच इमारतीत एक तरुण स्टार्टअप चालवतो. तो म्हणतो, काका, गुंतवणूकदार पहिला प्रश्न विचारतो, पेटंट किती? माझ्याकडे कारखाना नाही, जमीन नाही. मोठ्या कंपनीने माझी कल्पना उचलली तर मी काय दाखवू? त्याचं म्हणणं मला पटतं, अर्ध्यापर्यंत. पुढचा अर्धा भाग असा, की पेटंट मिळवायला लागतात लाख, आणि ते न्यायालयात लढवायला लागतात कोटी. त्याच्याकडे एक असेल तर मोठ्या कंपनीकडे पाच हजार. तलवार दोघांनाही मिळाली तरी एकाकडे एक तलवार आणि दुसऱ्याकडे शस्त्रागार. आणि वीस वर्षं! २००५ च्या मार्चमध्ये दाखल झालेल्या अर्जाचं पेटंट २०२५ च्या मार्चमध्ये संपलं. २००५ मध्ये खिशात कोणता फोन होता ते आठवा. औषधाला वीस वर्षं आणि कळफलकाला वीस वर्षं, हा हिशेब मला कधी समजला नाही.

दुसऱ्या एका घरी गेलो होतो, भिंतीवर लाकडी पाटी. त्यावर अमेरिकन पेटंटचं पहिलं पान कोरलेलं, मुलाचं नाव, कंपनीचं नाव. आईवडील कौतुकाने दाखवत होते, आणि कौतुकाचीच गोष्ट आहे. मी मुलाला विचारलं, यात दावा नेमका काय केलाय? तो हसला. म्हणाला, काका, वकिलांनी लिहिल्यावर मलाही नीट कळत नाही. आणि दुसऱ्यांची पेटंट वाचतोस का? म्हणाला, वाचू नका असं सांगितलेलं असतं. का, तर अमेरिकेत ‘याला आधी माहीत होतं’ असं सिद्ध झालं तर दंड तिपटीपर्यंत वाढू शकतो. बघा गंमत. ज्ञान उघड व्हावं म्हणून मक्तेदारी द्यायची, आणि ज्याच्यासाठी उघड केलं त्यानेच ते वाचायचं नाही. सौद्यातला आपला अर्धा हिस्सा इथे बुडाला.

एका बाबतीत सरकार पुरेसं जागरूक आहे, तेही सांगतो. भारतात राहणाऱ्याने इथे लावलेल्या शोधाचा अर्ज थेट परदेशात करता येत नाही. कलम ३९: आधी परवानगी घ्या, किंवा आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबा. शोध संरक्षणाच्या कामाचा असेल तर गुप्ततेचा आदेश निघू शकतो. आमच्या रस्त्यावरच्या विकास केंद्रांना हे कलम पाठ आहे. म्हणजे देशहितासाठी लक्ष ठेवता येतं, इच्छा असेल तर.

मग नागरिकाच्या हातात काय आहे? आहे, आणि चांगलं हत्यार आहे. कलम २५ (१). अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत ‘कोणतीही व्यक्ती’ लेखी हरकत घेऊ शकते. ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ असं नाही. कोणतीही. वकील असायची गरज नाही, धंदा असायची गरज नाही. मंजुरीनंतरच्या हरकतीला मात्र हितसंबंध लागतो आणि मुदत एक वर्षाची.

याने काय होतं, ते मुंबईत दिसलं. क्षयरोगावर बेडाक्विलिन नावाचं औषध आहे, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत होतं. जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच्या क्षाररूपावर दुसरा अर्ज केला होता. मिळाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत गेली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये हरकत घेतली. दोघी क्षयातून वाचलेल्या. जुन्या उपचारांच्या दुष्परिणामाने दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. २३ मार्च २०२३ रोजी मुंबई पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. स्वस्त औषधाची वाट मोकळी झाली. हळदीच्या पेटंटविरुद्ध डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने १९९७ मध्ये अमेरिकेत जिंकलेली लढाई आपण शाळेपासून ऐकतो, ऐकावीच. पण ती सरकारी संस्थेची लढाई होती. ही दोन रुग्णांची.

सॉफ्टवेअरमध्ये असं का होत नाही? कारण तिथे रुग्ण दिसत नाही. औषध महागलं तर माणूस दारात येतो. जो प्रोग्रॅम लिहिलाच गेला नाही, जी छोटी कंपनी नोटीस पाहून गप्प बसली, तिची तक्रार कोण करणार? त्यात एका वर्षात एक लाखाहून अधिक पेटंट मंजूर केल्याचं सरकारने मार्च २०२४ मध्ये अभिमानाने जाहीर केलं. वेग वाढला, आनंद आहे. पण तोफखान्यातही आम्ही नुसते किती गोळे सुटले ते मोजत नाही.

आणि हरकतीच्या या वाटेवर आता नाका बसला आहे. मार्च २०२४ च्या नियमांनी मंजुरीपूर्व हरकतीला शुल्क लावलं. पूर्वी ती मोफत होती. हरकत ऐकण्याजोगी आहे का, हे आधी नियंत्रक ठरवणार. कारण दिलं जातं की काही लोक दुसऱ्याच्या नावाने, नुसता वेळ काढायला हरकती घालतात. घालतात, हे खरं आहे. खोटी रजा घेणारे जवानही असतात. म्हणून कोणी सगळ्यांची रजा बंद करत नाही.

त्याच नियमांत आणखी एक बदल आहे, ज्याकडे कमी लोकांनी पाहिलं. प्रत्येक पेटंटधारकाने आपलं पेटंट भारतात वापरात आहे का, हे कळवायचं असतं, फॉर्म २७. अय्यंगारांना जे शोधायला अख्खा अहवाल लागला ते या एका कागदातून कळावं, ही अपेक्षा. शमनाद बशीर नावाचे कायद्याचे प्राध्यापक होते, बेंगळुरूच्याच नॅशनल लॉ स्कूलमध्ये शिकलेले. त्यांनी माहितीच्या अधिकारात हे फॉर्म मागवले, तपासले. कित्येक भरलेच नव्हते, कित्येक अर्धवट. कारवाई कोणावर नाही. त्यांनी २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. सरकारला फॉर्म सुधारण्याचं आश्वासन द्यावं लागलं. २०१९ मध्ये बशीर गेले. २०२० मध्ये फॉर्म सुटसुटीत झाला, आणि २०२४ पासून तो वर्षाऐवजी तीन वर्षांतून एकदा भरायचा आहे. एका माणसाने एकट्याने पाळत ठेवली, त्याच्या माघारी पाळत ठेवायची गोष्टच पातळ झाली.

मला काय हवं आहे, ते सरळ सांगतो. कलम ३ (के) बदलायचं असेल तर संसदेत बदला. २०२१ मध्ये राज्यसभेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संदर्भात या कलमाकडे पुन्हा बघायची शिफारस केलीच आहे. आणा विधेयक, होऊ द्या चर्चा, आमच्या खासदारांना बोलू द्या. हरलो तर सलाम करू. पण तोवर परीक्षकाच्या सूचना नियमांसारख्या सभागृहापुढे ठेवा, आणि हरकतीचं शुल्क निदान व्यक्तींसाठी काढून टाका. फौजेचा रुपयान् रुपया संसद मंजूर करते, कॅग तपासतो, लोकलेखा समिती विचारते. त्याने फौज दुबळी झालेली मी पाहिली नाही. वीस वर्षांची मक्तेदारी वाटणाऱ्या कार्यालयाने दुबळं का व्हावं?

आता कामाचं. पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं, संकेतस्थळावर मोफत. कर्नाटकाचे अर्ज चेन्नई कार्यालयात जातात, महाराष्ट्राचे मुंबईला. हरकतीचा फॉर्म ७ (ए). आमच्या सोसायटीत आम्ही पाच जण दर शुक्रवारी संध्याकाळी क्लब हाउसमध्ये बसतो. एक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, एक गणिताचे प्राध्यापक, एक पोस्टातले, एक दूरसंचारमधले आणि मी. नोकरीतल्या मुलांना बोलावत नाही, कारण त्यांना वाचायची मनाई. ते चहा पाठवतात. आम्हाला कोण तिप्पट दंड लावणार! संगणकाशी संबंधित अर्ज चाळतो, दावा मराठीत एका वाक्यात लिहून बघतो. लिहिता आला आणि तो एखाद्या जुन्या पुस्तकात सापडला, तर गणिताचे सर तांबडी पेन्सिल काढतात. २०२५ च्या मसुद्यावर आम्ही चार पानांचं पत्र पाठवलं. हरकत अजून एकही दाखल केलेली नाही. दोन अर्ज बाजूला काढलेत, त्यातल्या एकावर जुना पुरावा जमवणं चालू आहे. कुणाकडे १९९० च्या दशकातली संगणकाची मराठी मासिकं, सी-डॅकची जुनी माहितीपत्रकं, छापखान्यांच्या फॉन्टच्या पुस्तिका असतील तर रद्दीत देऊ नका. तारीख छापलेलं पान आम्हाला हवं आहे.

प्रश्न असतील तर विचारा. कायद्याची कलमं विचारलीत तर पाहून सांगीन.